तटस्थ जहाजाची झडती: समुद्री युद्धाचा कायदा महासत्तांपुढे कुठे टिकतो, कुठे मोडतो?

दर्यावर्दी

युद्धाचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात 'बळी तो कान पिळी, आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नुसता कागद' हे वाक्य येतंच. मला ते अर्धंच पटतं. काही नियम महासत्तांनी धाब्यावर बसवले हे खरं आहे, पण काही नियमांपुढे त्याच महासत्तांना आपली जहाजं मागे फिरवावी लागली आहेत. असा फरक का पडतो? सगळ्या कायद्यावर एकदम बोलायला गेलो तर काहीच हाती लागणार नाही. म्हणून एकच कोपरा घेऊ: दोन राष्ट्रांचं युद्ध चालू आहे आणि तिसऱ्याच देशाचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज मधून चाललं आहे. त्याला कोण थांबवू शकतं, आणि कसं?

आधी रूढ पद्धत सांगतो. युद्धमान, म्हणजे प्रत्यक्ष लढणाऱ्या, राष्ट्राच्या युद्धनौकेला तटस्थ व्यापारी जहाज खुल्या समुद्रात किंवा युद्धमानांच्या पाण्यात थांबवता येतं. तटस्थ देशाच्या प्रादेशिक पाण्यात मात्र अजिबात नाही. जवळ जाईपर्यंत युद्धनौकेने दुसरा झेंडा लावला तरी चालतो, पण थांबण्याचा इशारा देण्याआधी स्वतःचा खरा झेंडा वर चढलाच पाहिजे. जहाज थांबलं की अधिकारी नावेतून किंवा हेलिकॉप्टरने वर जातो आणि आधी फक्त कागद बघतो: नोंदणीपत्र, खलाशांची यादी, लॉगबुक (प्रवासाची नोंदवही), मॅनिफेस्ट (मालाची यादी), बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती), चार्टर पार्टी (जहाज भाड्याने घेतल्याचा करार). कागद जुळले तर लॉगबुकात नोंद करून जहाज सोडायचं. संशय आला तर मालाची झडती. शत्रूकडे जाणारा निषिद्ध माल सापडला किंवा जहाज नाकेबंदी मोडताना पकडलं गेलं, तर ते बंदरात न्यायचं आणि प्राइझ कोर्टापुढे, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा आणि मालाचा निवाडा करणाऱ्या न्यायालयापुढे, उभं करायचं. माल तिथल्या तिथे जप्त करून मोकळं होता येत नाही, मालकी बदलते ती कोर्टाच्या निकालानेच.

यातली प्रत्येक पायरी कुठे ना कुठे मोडली आहे. ज्यांना तपशील ठाऊक आहेत त्यांनी भर घालावी.

उत्तरवारा

मुळातच एक शंका आहे. ज्याने आक्रमण केलं, त्याला झडतीचा हक्क कसा? दरोडेखोराला दुसऱ्याच्या पिशव्या तपासू देण्यासारखं झालं हे. १३ ऑगस्ट २०२३ ला रशियाच्या 'वासिली बिकोव्ह' गस्तनौकेने पलाऊचा झेंडा असलेल्या 'सुक्रू ओकान'वर इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या आणि हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवली. जहाज युक्रेनच्या इझमाईल बंदराकडे निघालं होतं. हे कायदेशीर म्हणायचं?

कलम_एक्कावन्न

@उत्तरवारा, तुमचा राग समजतो. पण इथे दोन कायदे वेगळे ठेवावे लागतात. युद्ध सुरू करणे वैध होते का, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) (बळाच्या वापराला बंदी) आणि कलम ५१ (स्वसंरक्षणाचा हक्क) ठरवते. युद्ध चालू असताना कोणी कसे वागायचे, हा दुसरा कायदा आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. असे का? कारण आक्रमकाला 'तुला कोणतेच हक्क नाहीत' म्हटले की नियम पाळण्याचे त्याला कारणच उरत नाही. आणि आपण आक्रमक आहोत हे कोणताही पक्ष कबूल करत नाही. मग दोघेही एकमेकांना नियमाबाहेर ठरवणार, आणि भोगणार ते युद्धकैदी, खलाशी, नागरिक.

म्हणून 'सुक्रू ओकान' थांबवणे आणि त्याचे कागद तपासणे ही कृती, एवढ्यापुरती, युद्धमान राष्ट्राच्या जुन्या हक्कात बसते. आक्रमणाची जबाबदारी त्याने कमी होत नाही, ती वेगळी मोजायची.

मात्र त्याच्या आधी जे झाले ते या चौकटीत बसत नाही. १७ जुलै २०२३ ला युक्रेनचे धान्य सुरक्षितपणे बाहेर नेऊ देणारा काळ्या समुद्रातील करार संपला आणि युक्रेनच्या बंदरांकडे जाणारे प्रत्येक जहाज २० जुलैपासून लष्करी माल नेणारे मानले जाईल, असे रशियाने जाहीर केले. युक्रेननेही रशियाच्या बंदरांबाबत तशीच घोषणा केली. संशय हा त्या त्या जहाजाबद्दल, त्याच्या कागदांवरून आणि वागण्यावरून घ्यायचा असतो. अख्ख्या समुद्रावर एकदम घेतलेला संशय म्हणजे नाकेबंदीच्या अटी न पाळता नाकेबंदीचा परिणाम साधणे.

त्या अटीही इथेच लिहून ठेवतो. नाकेबंदी जाहीर करावी लागते. कधीपासून, किती काळ, कुठून कुठपर्यंत हे सांगावे लागते. आत अडकलेल्या तटस्थ जहाजांना बाहेर पडायला मुदत द्यावी लागते. सर्व देशांच्या जहाजांना ती सारखीच लावावी लागते. तटस्थ देशाच्या बंदराची वाट अडवता येत नाही. आणि ती प्रत्यक्षात पाळली जाईल इतके बळ तिथे हजर असावे लागते. ही शेवटची अट १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यातली. केवळ कागदावरची नाकेबंदी कोणालाही बांधत नाही.

जुने_नकाशे

हा कायदा महासत्तांच्या स्पर्धेत कसा उसवला हे बघायचं तर १९१४ ते १९१७ ही तीन वर्षं पुरेशी आहेत.

१९०९ च्या लंडन जाहीरनाम्याने मालाचे तीन वर्ग केले होते. पहिला सरळ निषिद्ध: तोफा, दारूगोळा वगैरे. दुसरा सशर्त निषिद्ध: धान्य, इंधन अशा वस्तू, ज्या शत्रूच्या सरकारकडे किंवा सैन्याकडे चालल्या असतील तरच जप्त व्हायच्या. तिसरा कायम मोकळा, आणि त्यात कापूस आणि रबर होतं. मसुदा खरोखर चांगला होता. पण १९११ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने त्यासाठी लागणारं विधेयक फेटाळलं आणि जाहीरनामा कधी अमलातच आला नाही. युद्ध पेटल्यावर २० ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने तो 'फेरफारांसह' पाळू असं म्हटलं. सगळी मेख त्या 'फेरफारांसह' शब्दात होती. याद्या वाढत गेल्या, ऑगस्ट १९१५ मध्ये कापूस सरळ निषिद्ध झाला आणि जुलै १९१६ मध्ये जाहीरनामाच बाजूला ठेवला गेला.

पुरावा कसा बघत असत त्याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. 'किम' आणि आणखी तीन जहाजं अमेरिकेतून कोपनहेगनला निघाली होती. डेन्मार्क तटस्थ, माल डुकराची चरबी. तिचा स्वयंपाकात उपयोग होतो तसाच स्फोटकांना लागणाऱ्या ग्लिसरीनसाठीही. 'शत्रूकडे चाललंय' हे सिद्ध कसं करायचं? सप्टेंबर १९१५ च्या निकालात ब्रिटनच्या प्राइझ कोर्टाने आकडे मांडले: युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत डेन्मार्कची चरबीची सरासरी वार्षिक आयात जितकी होती, तिच्या तेरा पटींहून अधिक चरबी या चार जहाजांवर होती. त्यातली बरीचशी बिल ऑफ लेडिंग 'टू ऑर्डर' होती, म्हणजे घेणाऱ्याचं नावच नाही. 'किम'वरचं रबर मॅनिफेस्टमध्ये 'गम' म्हणून लिहिलेलं होतं. बहुतेक माल जप्त झाला.

निकालाचं तर्कशास्त्र मला पटतं. डेन्मार्कची माणसं अचानक तेरा पट चरबी खायला लागत नाहीत. पण याच तर्काने पुढे तटस्थ देशांना 'तुम्हाला वर्षाला इतकंच लागतं' म्हणून कोटे ठरवून दिले गेले. एका देशाच्या स्वयंपाकघराचा हिशोब दुसऱ्या देशाच्या नौदल खात्यात होऊ लागला आणि तटस्थपणाला फारसा अर्थ उरला नाही.

दर्यावर्दी

@जुने_नकाशे, अप्रतिम. 'झमोरा' राहिलं. एप्रिल १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटनच्या प्राइझ कोर्टावरचं अपील ऐकणारी संस्था) म्हटलं की प्राइझ कोर्ट आंतरराष्ट्रीय कायदा लावतं, राजाच्या हुकुमाने तो बदलता येत नाही. तांबं घेऊन स्टॉकहोमला जाणारं जहाज होतं ते. कोर्टाचा निकाल लागण्याआधीच सरकारला ते तांबं स्वतःच्या वापरासाठी हवं होतं, आणि पुरेसा आधार दाखवता न आल्याने तो हुकूम टिकला नाही. ऐन महायुद्धात स्वतःच्याच सरकारला दिलेला हा नकार आहे.

जुने_नकाशे

हो, आणि त्याच निकालात एक मोठी खिडकी उघडी राहिली: प्रतिकारवाई. शत्रूने आधी कायदा मोडला तर एरवी बेकायदेशीर ठरेल असं पाऊल उचलता येतं, तटस्थांना अवाजवी त्रास होणार नाही इतपत. या खिडकीतून दोन्ही बाजूंनी काय काय बाहेर काढलं त्याचा क्रम बघा. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने संपूर्ण उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र ठरवला, कारण जर्मनीने सुरुंग पेरले. ४ फेब्रुवारी १९१५ ला जर्मनीने ब्रिटनभोवतीचं पाणी युद्धक्षेत्र ठरवलं, कारण उत्तर समुद्र. ११ मार्च १९१५ ला ब्रिटनने जर्मनीकडे जाणारा आणि तिथून येणारा सगळाच माल अडवला, कारण ४ फेब्रुवारी. ७ मे ला जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं, ११९८ माणसं गेली. १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना पूर्ण मोकळीक आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात.

प्रत्येक पावलाच्या घोषणेत कायद्याचा आधार दिलेला आहे. कायदा नाकारून नाही मोडला, कायद्याचं नाव घेत घेत मोडला. मला हेच जास्त गंभीर वाटतं.

उत्तरवारा

पण दोघांना एका तराजूत घालू नका. झडती घेऊन माल जप्त करणं आणि न सांगता टॉर्पेडो मारून माणसं बुडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कलम_एक्कावन्न

फरक आहेच, आणि कायद्यानेही तो मान्य केला. १९३६ च्या लंडन प्रोटोकॉलने पाणबुडीलाही युद्धनौकेचेच नियम लावले: प्रवासी, खलाशी आणि जहाजाचे कागद सुरक्षित जागी पोहोचवल्याशिवाय व्यापारी जहाज बुडवता येणार नाही, आणि भर समुद्रात उतरवलेल्या होड्या, किनारा किंवा दुसरे जहाज जवळ नसेल तर, सुरक्षित जागा ठरत नाहीत. थांबायला ठाम नकार देणारे किंवा झडतीला विरोध करणारे जहाज एवढाच अपवाद.

अडचण यंत्रातच होती. पाणबुडी पृष्ठभागावर आली की तिचे कवच पातळ, तोफ एखादीच, आणि जागा इतकी कमी की बुडणाऱ्या जहाजाची माणसे घ्यायची कुठे? समोरच्या व्यापारी जहाजावर लपवलेली तोफ असेल किंवा त्याने वायरलेसवर जागा कळवली, तर पाणबुडीच संपते. नियम पाळायचा तर शस्त्राचा उपयोगच सोडायचा, असा पेच होता. दुसऱ्या महायुद्धात हा नियम पुन्हा मोडला गेला, आणि फक्त जर्मनीकडूनच नाही. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात जर्मन पाणबुडीदलाचे प्रमुख डोनिट्झ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पण पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगाचा शिक्षेत विचार केला नाही असे न्यायालयाने स्पष्ट लिहिले. कारण स्कागेराकमध्ये (डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधला समुद्र) रात्री दिसेल ते जहाज बुडवण्याचा ८ मे १९४० चा ब्रिटिश आदेश, आणि पॅसिफिकमध्ये अमेरिकेने पहिल्या दिवसापासून तेच केल्याची तिथल्या अमेरिकन ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ यांची लेखी उत्तरे. विजेत्यांचे वर्तन पराभूताच्या बचावात वापरले गेले, अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

किल्लेदार

आता दुसरी बाजू. नियम टिकला कुठे? जिथे किल्ली तिसऱ्याच्या हातात होती तिथे.

माँत्रो करार, २० जुलै १९३६. बोस्फोरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्यांतून कोणती युद्धनौका जाईल हे तुर्कस्तान बघतो. शांततेच्या काळात काळ्या समुद्राबाहेरच्या देशांना पूर्वसूचना द्यावी लागते (आठ दिवस, शक्यतो पंधरा), त्यांच्या नौकांच्या एकूण टनांवर मर्यादा आहे आणि २१ दिवसांत बाहेर पडावं लागतं. युद्धात तुर्कस्तान तटस्थ असेल तर कलम १९: युद्धमान राष्ट्रांच्या युद्धनौकांना वाट बंद. अपवाद म्हणजे आपल्या मूळ तळापासून दूर राहिलेली नौका, तिला तळावर परतता येतं.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तुर्कस्तानने आधी 'हे युद्ध आहे' असं म्हटलं. हा शब्द नुसता बोलण्यापुरता नाही. 'विशेष लष्करी कारवाई' मानली असती तर कलम १९ लागूच झालं नसतं. २८ फेब्रुवारीला वाट बंद झाली, आणि काळ्या समुद्राबाहेरच्या देशांनीही युद्धनौका पाठवू नयेत असं तुर्कस्तानने सांगितलं. परिणाम? १४ एप्रिल २०२२ ला 'मॉस्कवा' ही रशियाची क्रूझर (मोठी युद्धनौका) बुडाली तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या ताफ्यातली क्रूझर आणायची सोय रशियाकडे नव्हती. अणुसत्ता, सुरक्षा परिषदेची स्थायी सदस्य, पण वाट बंद ती बंद. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने युक्रेनला दिलेल्या दोन सुरुंगशोधक नौकांनाही याच नियमाने नकार मिळाला. दोन्हीकडे सारखा लावला म्हणूनच तो टिकला.

लोक सारखे गल्लत करतात म्हणून एक सांगतो: हा नियम युद्धनौकांचा आहे. व्यापारी जहाजं तुर्कस्तान तटस्थ असताना युद्धकाळातही जातात.

जुने_नकाशे

तिसऱ्याच्या हातातल्या किल्लीचं आणखी एक उदाहरण: माँटेव्हिडिओ, १९३९. १३ डिसेंबरच्या लढाईत मार खाल्लेली जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे' उरुग्वेच्या बंदरात शिरली. १९०७ च्या तेराव्या हेग करारानुसार एरवी मुक्काम २४ तास. नुकसान झालं असेल तर जास्त, पण दुरुस्ती फक्त समुद्रात तरंगत चालण्यापुरती. लढण्याची ताकद वाढेल असं काही करायचं नाही, आणि काय दुरुस्त करायचं ते बंदराचा मालक देश ठरवणार. कॅप्टन लांग्सडॉर्फने दोन आठवडे मागितले. उरुग्वेच्या तंत्रज्ञांनी जहाज तपासलं आणि ७२ तास दिले.

ब्रिटनला आधी जहाज लगेच बाहेर काढायचं होतं. मग लक्षात आलं की बाहेर आपल्याच नौका कमी आहेत, तेव्हा उलटा डाव टाकला. त्याच करारात आहे की शत्रूच्या झेंड्याचं व्यापारी जहाज बंदरातून सुटलं की युद्धनौकेला पुढचे २४ तास निघता येत नाही. म्हणून ब्रिटिश व्यापारी जहाज मुद्दाम बंदराबाहेर पाठवलं. एका छोट्या देशाच्या घड्याळावर दोन महासत्ता ताणाताणी करत होत्या. १७ डिसेंबरच्या संध्याकाळी लांग्सडॉर्फने जहाज बाहेर नेऊन स्वतःच्या हाताने बुडवलं.

दोन महिन्यांनी हेच चित्र उलटं झालं. 'आल्टमार्क' या जर्मन जहाजावर ब्रिटिश कैदी होते, जहाज नॉर्वेच्या पाण्यात होतं, नॉर्वेच्या तपासणीत कैदी सापडले नाहीत. १६ फेब्रुवारी १९४० ला 'कोसॅक' ही ब्रिटिश विनाशिका सरळ फियोर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) शिरली आणि २९९ माणसं सोडवून आणली. सुटका झाली याचा आनंदच आहे, पण ते नॉर्वेचं पाणी होतं. तटस्थ देशाने नीट तपासलं नाही की युद्धमान राष्ट्र स्वतः तपासायला येतं. तटस्थपणा हे नुसतं लांब उभं राहणं नाही, ते पदरचं बळ खर्चून करायचं काम आहे.

उत्तरवारा

@किल्लेदार, मग सुरक्षा परिषदेच्या हातात किल्ली दिली होती तिचं काय?

कलम_एक्कावन्न

ती किल्ली ज्यांच्यावर कुलूप लावायचे त्यांच्याच खिशात आहे. कलम २७(३) नुसार कार्यपद्धतीखेरीज इतर सर्व ठरावांना पाचही स्थायी सदस्यांची संमती लागते. यातला 'कार्यपद्धतीखेरीज' हा शब्द कामाचा. आमसभेचे तातडीचे अधिवेशन बोलावणे ही कार्यपद्धती, तिथे नकाराधिकार चालत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत नकाराधिकारानंतर ठराव ३०३ ने बांगलादेश युद्धाचा प्रश्न असाच आमसभेकडे गेला. २७ फेब्रुवारी २०२२ ला ठराव २६२३ ने युक्रेनचा. २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ मते पडली, ३५ तटस्थ राहिले. पण आमसभा शिफारस करते, सक्ती करू शकत नाही.

विमापत्र

एक किल्ली कोणीच सांगितली नाही: विमा. जहाज कुठे जाईल हे बऱ्याचदा नौदलाच्या आधी विमा ठरवतो.

नेहमीच्या हल विम्यात, म्हणजे खुद्द जहाजाच्या विम्यात, युद्धाचा धोका वगळलेला असतो, त्याची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. लंडनच्या विमा बाजारातली जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या पाण्याची यादी काढते. यादीतल्या पाण्यात शिरण्याआधी विमा कंपनीला कळवायचं आणि जादा हप्ता ठरवायचा. तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत असतो आणि साधारण सात दिवसांसाठी. बंदरात गर्दीमुळे आठवा दिवस उजाडला की पुन्हा हप्ता, त्यामुळे अंदाज कोलमडतात. एरवीही विमा कंपनी सात दिवसांच्या नोटिशीने संरक्षण काढून घेऊ शकते.

या धाग्याच्या विषयाला थेट भिडणारं कलम हे: ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध सुरू झालं, घोषित असो वा नसो, तर प्रचलित कलमांनुसार हलची युद्धविमा पॉलिसी आपोआप संपते. नोटीस नाही, सात दिवस नाहीत. जहाज तेव्हा दोन बंदरांच्या मध्ये असलं तरीही. जे नुकसान कोणीच भरून देऊ शकणार नाही ते बाजाराने आधीच वगळून ठेवलं आहे.

आणि जहाज बंदरात अडकून पडलं तर? त्याच कलमांत, मालकाला जहाजाचा वापर सलग १२ महिने करता आला नाही तर ते पूर्ण नुकसान धरलं जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून बंदर अधिकाऱ्यांची पत्रं, एजंटचे ईमेल, लॉगबुकातल्या नोंदी तारखेसह जपाव्यात. मध्येच काही दिवस जहाज हलवता आलं असतं असं निघालं की 'सलग' शब्दावर वाद होतो.

उत्तरवारा

शेवटचा प्रश्न. निर्बंध मोडून तेल नेणाऱ्या जुन्या टँकरांना युरोपातले देश याच झडतीच्या हक्काने का थांबवत नाहीत?

दर्यावर्दी

कारण तो हक्क युद्धमान राष्ट्राचा आहे आणि ते देश या युद्धात युद्धमान नाहीत. निर्बंध हा त्यांचा स्वतःचा कायदा, तो त्यांच्या बंदरांवर, कंपन्यांवर, बँकांवर आणि विम्यावर चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या तेलावर घातलेली पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा अशीच, मुख्यतः जहाजसेवा आणि विम्याच्या वाटेने लावलेली होती. खुल्या समुद्रात परक्या झेंड्याच्या जहाजावर चढायला शांततेच्या काळात सागरी कायदा कराराचं कलम ११० बघावं लागतं: चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, बेकायदा रेडिओ-टीव्ही प्रक्षेपण, जहाजाला कोणत्याच देशाचं राष्ट्रीयत्व नसणं, किंवा परका झेंडा लावून ते मुळात आपल्याच देशाचं असणं. निर्बंध मोडणं यात कुठेच नाही.

म्हणून व्यवहारात पहिली पायरी म्हणजे नोंदणी तपासणं. जहाजाचा आयएमओ क्रमांक (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) घ्यायचा आणि ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला विचारायचं: हे जहाज तुमचं आहे का? उत्तर 'नाही' आलं, झेंडा खोटा निघाला, तर ते राष्ट्रीयत्व नसलेलं जहाज मानून वर चढता येतं. उत्तर 'हो' आलं तर त्या देशाची परवानगी मागायची, आणि तो नाही म्हणाला तर खुल्या समुद्रात फक्त मागोमाग जायचं.

किल्लेदार

आणि जहाज स्वतःहून त्यांच्या बंदरात आलं तर सगळंच बदलतं. तिथे बंदराचा मालक देश सुरक्षा, प्रदूषण आणि विम्याची कागदपत्रं तपासू शकतो, आणि त्रुटी दुरुस्त होईपर्यंत जहाज रोखून धरू शकतो. म्हणूनच असे टँकर त्या बंदरांत शिरत नाहीत आणि माल एका जहाजातून दुसऱ्या जहाजात भर समुद्रातच चढवतात.